तयार टेम्प्लेटमध्ये पेटी कुठे बसवायची?

प्रकल्प नोंदी, जून ते ऑगस्ट २०२५, कोथरूड, पुणे

१ जून

सोसायटीच्या गणपतीत यंदा आमचा गानगट चार गाणी करणार हे ठरलं: एक अभंग, एक गवळण, एक भावगीत आणि गट चालवणाऱ्या ताईंनी स्वतः बांधलेलं एक समूहगीत. चतुर्थी २७ ऑगस्टला. पण गौरींच्या तीन दिवसांत बायका तालमीला काय, फोनलासुद्धा मिळत नाहीत, म्हणून कार्यक्रम ४ सप्टेंबरला ठेवला.

माझ्याकडे आलंय कागदांचं काम. गेल्या वर्षी ज्याच्या त्याच्या वहीत वेगळंच गाणं होतं. कुणाकडे अंतरा दोनदा, कुणाकडे एकदा, आणि मधला संगीताचा तुकडा तर फक्त पेटीवाल्या सरांच्या डोक्यात. यंदा सगळ्यांचे कागद एकाच फाइलमधून काढायचे.

कोण काय वाचतं ते आधी लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावर ठरणार. कीबोर्डवर मी, गिटारवर कॉलेजातला मुलगा आणि ट्रिनिटीच्या पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षा देणारी व्हायोलिनवाली मुलगी, हे तिघं स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरचं पाश्चात्त्य स्वरलेखन) वाचतात. क्लॅरिनेटवाले काका आयुष्यभर लग्नाच्या बँडमध्ये वाजवत आले, तेही स्टाफ वाचतात, आणि आमच्या तिघांपेक्षा वेगात. ताई, पेटीवाले सर, बासरीवाला आणि बहुतेक गाणारे सारेगमवाले. तबलजींना कागदच नको, तालाचे फेरे (आवर्तनं) कळले की झालं. "आवर्तनं किती ते सांग, पुढचं माझ्यावर सोड."

स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर म्यूझस्कोअर स्टुडिओ. फुकट आहे, मुक्त आहे, आणि गिटारवाल्याकडे व व्हायोलिनवालीकडे आधीपासून आहे.

४ जून

नवीन स्कोअरच्या (सगळ्यांच्या ओळी एकत्र असलेल्या पानाच्या) खिडकीत दोन वाटा असतात: वाद्यं एकेक निवडा, नाहीतर टेम्प्लेट, म्हणजे आधीच आखलेला सांगाडा, घ्या. टेम्प्लेटची यादी वाचायला मजा येते. चार आवाजांचा कॉयर (गानवृंद), कॉयर अधिक ऑर्गन, कॉयर अधिक पियानो, तेच सगळं दोन ओळींत दाबून बसवलेलं. स्ट्रिंग क्वार्टेट, ब्रास क्विंटेट, बिग बँड, रॉक बँड, मार्चिंग बँड, पूर्ण सिम्फनी ऑर्केस्ट्रा. जगातल्या बऱ्याच मंडळींची सोय आहे. पेटी-तबला-बासरी-कोरस ही आपली मंडळी कुठे दिसत नाहीत, आणि दिसतील अशी अपेक्षाही नव्हती.

आमच्याशी सर्वांत जवळचं म्हणून कॉयर अधिक पियानो घेतलं. लगेच मोडतोड न करता आधी त्यात काय काय ठरवून ठेवलंय ते बघत बसले, आणि तो वेळ सत्कारणी लागला. टेम्प्लेट म्हणजे नुसत्या रिकाम्या ओळी नव्हेत. कुणीतरी आधीच घेतलेले पन्नास निर्णय त्यात असतात.

उदाहरणार्थ, गाणाऱ्यांच्या ओळींमध्ये मापांच्या (म्हणजे मात्रांच्या गटांच्या) उभ्या रेघा एका स्टाफवरून दुसऱ्या स्टाफपर्यंत सलग ओढलेल्या नसतात. पियानोच्या दोन ओळींत त्या सलग असतात. कारण सरळ आहे: गाण्याच्या स्टाफखाली शब्द येतात, आणि सलग रेघ शब्दांच्या अंगावरून जाते. त्याच कारणाने हळू-मोठ्याच्या खुणा गाण्याच्या ओळींना वर आणि वाद्यांना खाली लिहायची रीत आहे. पुरुषांच्या वरच्या आवाजाला ट्रेबल क्लेफ (ओळीच्या सुरुवातीची उंच स्वरांची खूण), पण त्याच्या बुडाशी छोटा ८, म्हणजे लिहिलंय त्यापेक्षा एक सप्तक खाली गायचं. कोऱ्या पानावरून सुरुवात केली असती तर यातलं निम्मं मला तिसऱ्या तालमीत आठवलं असतं.

नको ते काय? चार आवाज: बायकांचे सोप्रानो आणि आल्टो, पुरुषांचे टेनर आणि बास. आमच्याकडे बायका एका ओळीत आणि पुरुष एका ओळीत, तेही फक्त समूहगीतात वेगळे. बाकी तीन गाण्यांत सगळे एकच चाल गातात. आल्टो आणि बास काढून टाकले. सोप्रानो आणि टेनर या नावांच्या जागी 'स्त्रिया' आणि 'पुरुष' लिहिलं. लांब नाव पहिल्या ओळीला आणि आखूड नाव पुढच्या ओळींना लागतं, म्हणून 'स्त्रि.' आणि 'पु.' हेही भरलं. पियानोचं नाव 'कीबोर्ड' केलं.

मग पेटी. पाश्चात्त्य हार्मोनियम पायाने भाता मारून दोन्ही हातांनी वाजवतात, म्हणून तिचं लेखन पियानोसारखं दोन ओळींत. आपल्या पेटीवर एक हात भात्याला गेलेला. त्यामुळे खालची ओळ काढून एकच ठेवली. ती बसवली थेट गाणाऱ्यांच्या खाली, कीबोर्डच्या वर, कारण सर गाण्याच्या मागोमाग जातात आणि त्यांची नजर शब्दांवर असते. वाद्यांचा क्रम आपोआप लावण्याची सोय बंद केली, नाहीतर प्रत्येक नवीन वाद्य सिम्फनीच्या रांगेत जाऊन बसतं.

८ जून

पट्टीचा प्रश्न. नवीन स्कोअरच्या दुसऱ्या पानावर सॉफ्टवेअर की सिग्नेचर (पट्टीनुसार ओळीच्या सुरुवातीला येणाऱ्या खुणा) विचारतं, आणि ताई म्हणतात "अभंग काळी पाच", म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी हा सा. दोघांचं बोलणं जुळवायला एक तक्ता करून भिंतीला लावला:

काळी एक म्हणजे डी फ्लॅट, पाच फ्लॅट (फ्लॅट म्हणजे स्वर अर्ध्याने उतरवायची खूण, शार्प म्हणजे चढवायची). काळी दोन म्हणजे ई फ्लॅट, तीन. काळी तीन म्हणजे जी फ्लॅट, सहा (किंवा एफ शार्प, सहा शार्प, कसंही लिहा, वाचणारा शिव्याच देणार). काळी चार म्हणजे ए फ्लॅट, चार. काळी पाच म्हणजे बी फ्लॅट, फक्त दोन.

काळी एकला सी शार्प लिहिलं तर सातच्या सात स्वरांना शार्प लागतात. आवाज तोच, पण व्हायोलिनवाली रडेल. म्हणून सगळीकडे फ्लॅटची बाजू.

दुसरा निर्णय जास्त महत्त्वाचा. की सिग्नेचर रागाची लावायची की नुसत्या सा-ची? गवळणीत कोमल (उतरलेला) नी सतत येतो. सिग्नेचरमध्येच तो घातला तर पान स्वच्छ दिसेल. पण मग सारेगमवाल्यांना कोमलची खूण दिसेल आणि स्टाफवाल्यांना तिथे काहीच दिसणार नाही. तालमीत "तिसऱ्या ओळीतला कोमल" म्हटलं की निम्मे लोक शोधत बसतील. म्हणून नियम केला: सिग्नेचर नेहमी सा-पासूनच्या शुद्ध सप्तकाची. कोमल-तीव्र (उतरलेलं-चढलेलं) जे असेल ते प्रत्येक वेळी स्वरापाशीच खूण लावून. भावगीत काळी दोनमध्ये आहे, त्यात तीव्र म म्हणजे ए-ला नॅचरलची खूण येते. गिटारवाला म्हणाला, "तीव्र आहे आणि खूण फ्लॅट काढल्याची?" हो बाबा, फ्लॅट काढला की स्वर चढतोच.

टेम्प्लेट सिग्नेचर लक्षात ठेवत नाही, ती दर वेळी नव्याने विचारली जाते. आमच्यासाठी बरंच आहे, दर गाण्याची पट्टी वेगळी.

१२ जून

आज सारेगम. हे सगळ्यात किचकट काम, आणि सगळ्यात आवडलेलंही.

प्रत्येक स्वराखाली दोन ओळी हव्यात: वर गाण्याचे शब्द, खाली सारेगम. म्यूझस्कोअरमध्ये गाण्याचे शब्द कंट्रोल-एल दाबून भरतात, आणि एकाखाली एक कडवी लिहिता येतात. सारेगमला 'दुसरं कडवं' म्हणून भरलं. त्यात एक सोय हाताला लागली: सॉफ्टवेअर शब्दांच्या विषम ओळी आणि सम ओळी यांना दोन वेगळ्या शैली देतं. मूळ हेतू बहुधा कडवी ओळखू यावीत हा असणार. मी विषम शैलीला साधा टाइप दिला आणि सम शैलीला एक पॉइंट लहान पण ठळक. आता सारेगम भरली की ती आपोआप सारेगमसारखीच दिसते, हाताने काही करावं लागत नाही. अभंगाची दोन कडवी एकाखाली एक छापायचा मोह मात्र सोडावा लागला. अंतरे सलग पुढे लिहिले.

फॉन्ट: मूळचा एडविन रोमन लिपीसाठी आहे. देवनागरी लिहिली की संगणक त्याच्या मर्जीने दुसरा कुठलातरी फॉन्ट घेतो, आणि प्रत्येकाच्या मशीनवर ती मर्जी वेगळी. म्हणून शीर्षक, शब्द, वाद्यांची नावं, सूचना, जिथे जिथे अक्षर आहे तिथे शैलीच्या खिडकीत जाऊन नोटो सान्स देवनागरी लावला. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करायचंय. टेम्प्लेट करायचं कारणच हे.

अक्षरं तोडताना जोडाक्षराला हात लावायचा नाही. 'भक्ती' म्हणजे भ, मग क्ती. हायफन दाबला की पुढच्या स्वरावर उडी, स्पेस दाबली की शब्द संपला. फोनेटिक कळफलकात मात्र स्पेसने आधी शब्द पक्का होतो आणि मग उडी, असा दुहेरी खेळ होतो. त्यापेक्षा अख्खी ओळ आधी साध्या फाइलमध्ये 'सा रे ग प' अशी मोकळी टाइप करायची, कॉपी करायची, आणि पहिल्या स्वरावर उभं राहून कंट्रोल-व्ही दाबत सुटायचं. दर वेळी एक अक्षर चिकटतं आणि कर्सर पुढे सरकतो. अभंगाची सारेगम चहा निवायच्या आत भरून झाली.

आता खुणा. कोमलसाठी खाली आडवी रेघ (रे॒, ध॒), तीव्र म-साठी वर उभी रेघ (म॑). दोन्ही युनिकोडमध्ये आहेत, मुळात वैदिक स्वरांसाठी. मंद्रासाठी (खालच्या सप्तकासाठी) खाली नुक्ता, म्हणजे टिंब (प़, ध़), तारसाठी (वरच्या सप्तकासाठी) वर अनुस्वार (सां, रें). ही भातखंडे पद्धत, सारेगम लिहायच्या दोन रूढ पद्धतींपैकी एक (दुसरी पलुस्कर), आणि टाइप करायला सोपी.

छापून सरांना दाखवलं. त्यांनी पेटी ओढली, वाजवायला लागले, आणि जिथे तार सा यायला हवा तिथे धाडकन मंद्रात उतरले. मी थांबवलं. त्यांनी कागदावर बोट ठेवलं: "वर टिंब आहे ना? टिंब म्हणजे मंद्र." बरोबरच आहे त्यांचं. ते पलुस्कर पद्धतीत शिकलेले, विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यात काढलेल्या गांधर्व महाविद्यालयाच्या परंपरेतले. तिथे स्वरावर टिंब म्हणजे मंद्र आणि उभी रेघ म्हणजे तार. आणि माझी उभी रेघ तीव्र म-वर! एकाच कागदावर दोन घराणी भांडायला लागली.

सरांना म्हटलं, तुमचीच पद्धत घेऊ. तेच म्हणाले, "नको, मुलांना भातखंडेच येते, मी जुळवून घेईन. पण पहिल्या पानावर छापा." म्हणून टेम्प्लेटच्या शीर्षकाखाली कायमची एक बारीक ओळ टाकली: 'वर टिंब तार, खाली टिंब मंद्र, खाली रेघ कोमल, वर रेघ तीव्र म.' सरांची स्वतःची जुनी वही मग मी चाळली. प्रत्येक पान पट्टीने आखलेलं, सोळा रकाने, चार-चारवर जाड रेघ, वर सम (आवर्तनाची पहिली मात्रा) आणि 'खाली' (टाळीविना जाणारी मात्रा) यांच्या खुणा आधीच मांडून ठेवलेल्या. बंदिश नंतर, रकाने आधी. त्यांचं टेम्प्लेट माझ्या जन्माच्या आधीचं आहे.

२० जून

दोन्ही पालख्या आज शहरात. रस्ते बंद, तालीम रद्द. घरी बसून तबल्याची ओळ केली.

तबलजींना कागद नको असला तरी बाकीच्यांना त्यांची ओळ हवी. सम कुठे येते ते दिसलं की गिटारवाला हरवत नाही. आवाजाच्या बाजूने फार अपेक्षा ठेवली नाही: जनरल मिडीच्या (संगणकी वाद्यांच्या ठरीव यादीच्या) १२८ वाद्यांत सतार आणि शहनाई आहेत, तबला नाही. म्हणून ही ओळ मिक्सरमध्ये मुकीच ठेवली. स्टाफच्या गुणधर्मात रेघांची संख्या पाचऐवजी एक केली, आणि त्या एका रेघेवर दर मात्रेला एक खूण, खाली शब्दांच्या जागी बोल.

अभंग आणि गवळण आठ मात्रांत आहेत, ४/४ च्या (चार मात्रांच्या) दोन मापांत एक आवर्तन बसतं, फारसं काही करावं लागलं नाही. भावगीत रूपक तालात. सात मात्रा, तीन-दोन-दोन. साधं ७/४ लिहिलं तर पाश्चात्त्य डोळा चार-तीन असं तोडतो आणि व्हायोलिनवाली पाचव्या मात्रेवर जोर देते. मापाच्या चिन्हाच्या गुणधर्मात वरच्या आकड्याच्या जागी '३+२+२' असं छापता येतं. ते केलं, स्वरांच्या शेपट्या कशा बांधायच्या तेही तसंच लावलं. बोल: तीं तीं ना, धीं ना, धीं ना. रूपकाची गंमत म्हणजे पहिल्याच मात्रेवर 'खाली', त्यामुळे पहिल्या मात्रेखाली तिची खूण, शून्य. गिटारवाल्याला वाटलं चुकून पडलंय.

यातून एक ठरलं. रूपकाचं टेम्प्लेट वेगळं ठेवणार नाही. ताल दर गाण्याला बदलणार. टेम्प्लेटमध्ये फक्त एका रेघेची ओळ आणि बोलांची शैली.

२७ जून

क्लॅरिनेटवाले काका आज पहिल्यांदा आले. वाद्य बी फ्लॅटचं. म्हणजे काकांनी सी वाजवला की ऐकू येतो बी फ्लॅट, एक स्वर खाली. पान त्यांच्यासाठी एक स्वर वर चढवून लिहावं लागतं. सॉफ्टवेअर हे आपोआप करतं, फक्त वाद्य निवडताना बी फ्लॅट क्लॅरिनेट निवडायला हवं, नुसतं 'ट्रेबल क्लेफची ओळ' नव्हे. ऐकू येणारा स्वर दाखवायचा की लिहिलेला, त्याचं बटण खाली असतं. मी काम करताना ऐकू येणारा ठेवते आणि छापताना बंद करते.

काकांचं पान उघडलं आणि हसू आलं. काळी पाचचा अभंग त्यांच्या पानावर चक्क सी मेजर, एक खूण नाही. काळी चारची गवळण दोन फ्लॅट, काळी दोनचं भावगीत एक, आणि काळी एकचं समूहगीत, जे माझ्या पानावर पाच फ्लॅटचं, ते काकांकडे तीनचं. काकांनी चष्मा वर केला, पान पाहिलं आणि म्हणाले, "बँडमध्ये मास्तर हे सगळं हाताने लिहायचे. रात्रभर. प्रत्येक वाद्याला वेगळं." मग लगेच, "आणि तुझ्यापेक्षा मोठं लिहायचे." त्यावर पुढे बघू.

मार्चिंग बँड आणि ब्रास बँडची टेम्प्लेटं मी त्यांना दाखवली. नावं वाचत गेले. युफोनियमपाशी थांबून, "हे आमच्याकडे होतं, वाजवणारा गेला."

६ जुलै

आषाढी. साबुदाणा, भजन, काम शून्य.

१३ जुलै

टेम्प्लेट पक्कं केलं. प्रक्रिया फारशी नाही: स्वर पुसायचे, स्कोअर नेहमीसारखा सेव्ह करायचा, पण डॉक्युमेंट्समधल्या म्यूझस्कोअर४ फोल्डरच्या आत जो टेम्प्लेट्सचा फोल्डर आहे, त्यात. पुढच्या वेळी नवीन स्कोअर उघडला की आपलं टेम्प्लेट यादीत दिसतं. सोबत शैलीची फाइलही वेगळी काढून ठेवली. म्हणजे बाहेरून आलेल्या कुठल्याही फाइलवर फॉन्ट आणि मोजमापं एका फटक्यात चढवता येतील.

एक टेम्प्लेट की अनेक, यावर ताईंशी बरंच बोलणं झालं. ताईंचं म्हणणं, एकच मोठं करून ठेव, सगळी वाद्यं त्यात, नको ती लपव. रिकाम्या ओळी लपवण्याची सोय आहेच. मला ते पटलं नाही. एकतर लपवलेल्या ओळी लपूनच राहतात आणि छपाईच्या वेळी बासरीची ओळ अचानक उगवते. शिवाय मोठं टेम्प्लेट हळूहळू ठरवायला लागतं की या गाण्यात क्लॅरिनेट असणारच, ओळ आहे ना? गवळणीत काकांना खरंतर काही काम नाही, पण रिकामी ओळ समोर दिसल्यावर मलाही तिथे चार स्वर टाकावेसे वाटले. म्हणून लहानच ठेवलं: स्त्रिया, पुरुष, पेटी, एका रेघेचा तबला. बाकी वाद्यं गाणं मागेल तशी घालायची. घालायला अर्धा मिनिटही लागत नाही.

बत्तीस मापं आपोआप येतात तीही आठ करून टाकते हल्ली. समोर पसारा कमी दिसतो.

बाकी सॉफ्टवेअरांत याला वेगवेगळी नावं आहेत. सिबेलियसमध्ये मॅन्युस्क्रिप्ट पेपर म्हणायची पद्धत होती, आखलेल्या कागदाच्या रिमांसारखी. लिलीपॉण्डमध्ये तर टेम्प्लेट म्हणजे मजकूरच, पुस्तिकेतून उचलायचा आणि मधले स्वर बदलायचे; मला ते आवडतं, पण सरांना कंसांचं जंगल दाखवायची हिंमत नाही.

२० जुलै

ताईंच्या एका जुन्या विद्यार्थ्याने समूहगीताची आधीची मांडणी पाठवली, फिनालेमध्ये केलेली. फिनाले १९८८ पासूनचं सॉफ्टवेअर. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याच्या मशीनवर अजून चालतंय. त्याला सांगितलं, तुझ्या सगळ्या फाइली आत्ताच म्युझिकएक्सएमएलमध्ये काढून ठेव, फक्त हीच नको. म्युझिकएक्सएमएल २००४ पासून याच कामासाठी आहे, एका सॉफ्टवेअरमधलं दुसऱ्यात न्यायला.

फाइल आली. स्वर, शब्द, मापं सगळं नीट. पण सोबत त्याचं टेम्प्लेटही आलं की, म्हणजे त्याचे निर्णय: कागद अमेरिकी लेटर आकाराचा, मराठी शब्द रोमन लिपीत, चार आवाज. शैलीची फाइल चढवली, कागद ए४ केला, आणि मग लक्षात आलं की फाइल दुरुस्त करत बसण्यापेक्षा माझ्या रिकाम्या टेम्प्लेटमध्ये त्याचे स्वर चिकटवणं सोपं. तसंच केलं. आल्टोच्या ओळीतला एक सुंदर तुकडा पुरुषांना एक सप्तक खाली दिला. ताईंना कळलं, पण काही बोलल्या नाहीत.

२ ऑगस्ट

छपाई. काकांचं 'मोठं लिही' आज हाताळलं. ए४ वर मूळ माप असं की स्टाफच्या दोन रेघांमधलं अंतर १.७५ मिलिमीटर, म्हणजे चार जागांचा स्टाफ ७ मिलिमीटर उंच. अंतर २ केलं, स्टाफ ८ झाला. ऐकायला एक मिलिमीटर, पण काकांनी चष्मा खाली आणला. पूर्ण स्कोअरला मात्र १.५ च ठेवलं, नाहीतर पानावर एकच ओळ मावते. प्रत्येक वाद्याचं पान वेगळं मांडता येतं आणि स्वर मात्र मूळ स्कोअरशी जोडलेले राहतात, ही यातली खरी चैन. तालमीत एक स्वर बदलला की सगळीकडे बदलतो.

वाद्यांच्या पानांवरून सारेगम काढली नाही. बासरीवाल्याला तीच हवी, आणि व्हायोलिनवालीने स्वतःच सांगितलं, "राहू दे, मला सर काय म्हणतात ते कळतं मग."

झेरॉक्स अप्पा बळवंत चौकात. दुकानदाराने विचारलं, पाठपोट? नको. स्टँडवर पाठपोट पान उलटायला तिसरा हात लागतो. पेटीवाल्या सरांना तर भात्यामुळे दुसराही नाही. त्यांची दोन पानं शेजारी चिकटवून आडवी पट्टी केली.

१० ऑगस्ट

कागदांसकट पहिली पूर्ण तालीम. गोंधळ एकाच ठिकाणी झाला, आणि तो टेम्प्लेटने सोडवण्यासारखा नव्हता: परत कुठे जायचं.

पाश्चात्त्य कागदात यासाठी खुणा आहेत. इथून चिन्हाकडे जा, तिथून कोडाकडे (शेवटच्या तुकड्याकडे) उडी मार. मी त्या घातल्या होत्या. स्टाफवाले बरोबर गेले. गाणारे मात्र प्रत्येक अंतऱ्यानंतर धृपदाची पहिली अर्धी ओळच घेतात, आणि शेवटच्या अंतऱ्यानंतर पूर्ण धृपद, मग ताईंच्या मानेप्रमाणे तिसऱ्यांदा किंवा चौथ्यांदा. मान कागदावर कुठे लिहायची?

तोडगा: चिन्हं आणि कोडा काढले. ए, बी, सी अशा तालमीच्या खुणांच्या जागी चौकटीत 'धृ.', 'अं. १', 'अं. २', 'मु.' (मुखड्याची अर्धी ओळ) लिहिलं. अंतऱ्याच्या शेवटी फक्त 'मु. घेऊन पुढे', आणि शेवटी 'धृ. ताईंच्या खुणेपर्यंत'. ही चौकटींची शैली टेम्प्लेटमध्ये घातली, मजकूर मात्र नाही. तबलजींनी कागद न बघता समाप्तीला तीनदा वाजवायच्या तुकड्याबद्दल विचारलं, "तिहाई धृपदानंतरच ना?" हो.

काकांनी गवळणीत वाजवायचं काही नसल्याचं पाहिलं, पान उलटं ठेवलं आणि झांज मागून घेतली.

१७ ऑगस्ट

शेजारच्या सोसायटीतल्या गटाला टेम्प्लेट हवंय. त्यांच्याकडे पेटी नाही, दोन कीबोर्ड आणि ढोलकी आहे. पाठवताना शीर्षकातलं आमच्या गटाचं नाव काढलं. फॉन्टची फाइल सोबत जोडली, कारण तो त्यांच्याकडे नसेल तर रे॒ खालची रेघ भलतीकडे जाते. शैलीची फाइल वेगळी दिली. खुणांची ओळ तशीच ठेवून सांगितलं: तुमच्याकडे पलुस्करवाले असतील तर पहिल्या तालमीच्या आधी बदला.

आमचं राहिलेलं: समूहगीताच्या शेवटच्या चार मापांत पुरुषांचे शब्द स्त्रियांच्या स्टाफला टेकतायत, ओळींमधलं अंतर वाढवायचं. काकांना झांजेची ओळ हवी आहे. एका रेघेची, तबल्याच्या खाली. बुधवारच्या तालमीपर्यंत दोन्ही.